पहिल्या अर्थाची चिठ्ठी

इंग्लंडातल्या लिंकन गावी, चढाच्या गल्लीत, खोगीरवाल्याच्या दुकानावरच्या माडीत शब्दकोशाची कचेरी होती. मिस हेस्टर गॅड्सबी त्या माडीचा जिना एकतीस वर्षं चढत होत्या आणि एकतीस वर्षं चिठ्ठ्या लावत होत्या. चिठ्ठ्या म्हणजे पत्त्याएवढे कागद. देशभरचे वाचनवेडे लोक, म्हणजे कुठले पाद्री, पेन्शनीतले कर्नल, वेळ जात नाही अशा विधवा, पुस्तक वाचताना एखादा शब्द नजरेत भरला की त्याचं वाक्य, पुस्तकाचं नाव, साल आणि पान लिहून टपालाने धाडत. पैसा एक मिळत नसे. पण हौस अशी दांडगी, की पोस्टमन दर सोमवारी पोतं खांद्यावर घेऊन यायचा आणि जिन्याच्या मध्यावर थांबून सगळ्या विद्वानांचा उद्धार करायचा.

बाईंच्या वाट्याला आला होता 'सेट'. तीन इंग्रजी अक्षरांचा शब्द, पण इंग्रजीत याच्याइतका पोटार्थी शब्द दुसरा नसेल. मिळेल ते काम करतो. सूर्य मावळला तरी सेट, जेली थिजली तरी सेट, मोडलेलं हाड बसवलं, कोंबडी अंड्यांवर बसवली, सापळा लावला, घड्याळ लावलं, टेबल मांडलं, सगळीकडे हाच. शिवाय चहाच्या कपांचा सेट, टेनिसचा सेट, नाटकाचा सेट. अडीच वर्षांत बाईंनी एकशे सव्वीस अर्थ वेगळे काढले होते. लांब टेबलावर एकशे सव्वीस गड्ड्या आणि खिडकीतल्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर नदीतला एकेक गोटा. साफसफाईवाल्या बाईने त्या खोलीत पाय ठेवायचं कधीच सोडून दिलं होतं.

त्या कचेरीत एक रीत होती. मोठा शब्द जो पुरा करील त्याचं नाव त्या खंडाच्या प्रस्तावनेत छापायचं. बाईंचं नाव आजवर कुठेच छापून आलं नव्हतं. आधीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या शब्दांना हात लावला, आणि नावं लागली दुसऱ्यांची. 'सेट' हा त्यांचा पहिला स्वतःचा शब्द. शुक्रवारी दुपारी बाराला तो छापखान्यात गेला पाहिजे होता.

आणि सोमवारी, शेवटची मोजदाद करताना, बाईंच्या लक्षात आलं की पहिल्या अर्थाखाली चिठ्ठीच नाही. नुसता गोटा.

पहिला अर्थ म्हणजे सगळ्यांत साधा. हातातली वस्तू खाली ठेवणे. बस, एवढंच.

"असं कसं होईल?" बाई टेबलाभोवती तीनदा फिरल्या. "मिस्टर ऑडलिंग, तुम्ही तर नाही ना हलवली?"

पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या ऑडलिंगने चष्मा वर केला. "मी माझी टोपी सोडून काही हलवत नाही. आणि कोण पाठवणार हो ती चिठ्ठी? माणूस पुस्तक वाचतो, काही नवलाचं दिसलं तर लिहितो. 'त्याने कप खाली ठेवला' हे वाचून कोणाचा ऊर भरून येतो?"

खरंच होतं ते. बिजू या रानजनावराच्या बिळालाही सेट म्हणतात, तर एका पाद्रीबुवांनी एकट्या बिळाच्या चाळीस चिठ्ठ्या धाडल्या होत्या. चाळीस! आणि इंग्लंडातली माणसं रोज उठून कप, बादल्या, पोरं खाली ठेवतात, त्याची एकसुद्धा नाही.

संपादक मिस्टर पॉकलिंग्टन यांच्या वडिलांनी हा कोश सुरू केला होता. आत भिंतीवर वडिलांच्या हातचे नियम चौकटीत टांगलेले. संपादक ते पाठ असल्यासारखे बोलत.

"चिठ्ठी नाही तर अर्थ नाही, मिस गॅड्सबी."

"अहो साहेब, पण पहिलाच अर्थ वगळला तर लोक हसतील आपल्याला! बिजूचं बीळ आहे आणि कप ठेवायला जागा नाही!"

"म्हणूनच म्हणतो, हा शब्द कथबर्टकडे देऊ. तो केंब्रिजचा आहे. सहा महिन्यांत नव्याने लावील."

कोपऱ्यात बसलेला कथबर्ट पेन्सिलीला टोक करत होता. बाईंना ती करकर दातात गेली.

"शुक्रवारपर्यंत माझा आहे," त्या म्हणाल्या, आणि दार जरा जोरातच लागलं.

मंगळवारी त्यांनी ग्रंथालयातून चौदा कादंबऱ्या आणल्या. बोट फिरवत, ओळ न् ओळ चाळत गेल्या. काय सांगावं! एकही लेखक धड काही खाली ठेवायला तयार नाही. कोणी पेला 'स्थापन' करतो, कोणी 'विसावू देतो', एकाने तर मेणबत्ती टेबलाला 'सुपूर्द' केली. शाळेत मास्तरांनी बजावलेलं असतं ना, साधा शब्द दिसला की त्याच्या जागी भारदस्त घाला. ती शिकवण बाईंच्या जिवावर उठली होती.

बुधवारी संध्याकाळच्या चहाला त्या भाड्याच्या खोलीवर आल्या त्या धुसफुसतच. घरमालकीण मिसेस बॉनटॉफ्ट, होडीवाल्याची विधवा, खारवलेला मासा तळत होती.

"काय झालं हो बाई? तोंड असं का आंबलंय?"

"इंग्लंडात कोणी काही खाली ठेवत नाही," बाई म्हणाल्या आणि सगळं रामायण सांगितलं. म्हणजे आपलं रामायण. त्यांचं जे काय असेल ते.

मिसेस बॉनटॉफ्टने मासा उलटला. "तुम्ही वाचता कोणाची पुस्तकं? साहेब लोकांची. त्यांनी जन्मात काही खाली ठेवलंय का स्वतःच्या हाताने? ठेवते ती मोलकरीण, आणि ती काही कादंबरी लिहीत नाही."

"मग वाचायचं तरी कोणाचं?" बाईंनी विचारलं.

"तिचं लिहिलेलं वाचा की," असं म्हणत घरमालकिणीने फडताळातून एक तेलकट चोपडी काढली. प्रार्थनामंदिराचं छप्पर गळत होतं तेव्हा तिथल्या बायकांनी आपापल्या पाककृती छापून विकल्या होत्या. साल एकोणीसशे अकरा. पान चौदा, जिरेकेक, मिसेस बॉनटॉफ्ट यांजकडून: केकचा डबा मधल्या फळीवर ठेवा. आणि ठेवायला शब्द? सेट! एकदा नाही, त्या चोपडीत तो एकोणीस ठिकाणी होता. पातेलं ठेवा, भांडं ठेवा, ताट दारात ठेवा.

"एकोणीस वर्षं मी या घरात राहते," बाई ओरडल्या, "आणि हे तुम्ही मला आज दाखवता?"

"तुम्ही कधी स्वयंपाक केलात?"

शुक्रवारी अकरा वाजता संपादकांनी ती चिठ्ठी दोन बोटांत धरली. "केक? कोण ही मिसेस बॉनटॉफ्ट? हिचं साहित्यात स्थान काय?"

एकतीस वर्षांत मिस गॅड्सबींचा आवाज त्या माडीत कोणी चढलेला ऐकला नव्हता. तो त्या दिवशी खालच्या खोगीरवाल्यानेही ऐकला.

"भिंतीकडे बघा, साहेब! तुमच्या वडिलांनी काय लिहिलंय? छापलेलं हवं, साल हवं, पान हवं. हे तिन्ही आहे. मोठा माणूस हवा असं कुठे लिहिलंय, दाखवा मला! तुम्हाला अर्थ पाहिजे का पाहुणा पाहिजे?"

ऑडलिंग चष्मा पुसायला लागला. हसू लपवायची ती त्याची जुनी युक्ती. संपादक उठले, चौकटीजवळ गेले, वडिलांचं अक्षर वरून खाली वाचलं, पुन्हा वरून वाचलं. मग परत येऊन सही केली.

"मी नेऊ का? जड आहे," कथबर्ट म्हणाला.

"तुम्ही दार धरा," बाई म्हणाल्या.

गठ्ठा छातीशी कवटाळून त्या चढाची गल्ली उतरल्या. फरशी ओली होती, गुडघे कुरकुरत होते. वाटेत दोघांनी मदत विचारली, दोघांना नाही म्हणाल्या. छापखान्यात पोचल्या तेव्हा बाराला सहा मिनिटं कमी होती.

फोरमनने गठ्ठ्याकडे बघून शीळ घातली. "बापरे! शब्द कुठला?"

बाईंनी सांगितला.

"एवढ्याशा शब्दाला एवढं?" त्याने नोंदवही उघडली, पेन्सिल जिभेला लावली. "आणि काम कोणाचं लिहू? पॉकलिंग्टनसाहेबांचं?"

"माझं," बाई म्हणाल्या. "गॅड्सबी. दोन ड नकोत, एकच. इकडे द्या ती पेन्सिल, मीच लिहिते."