विळ्याची मूठ
तापलेल्या सागाच्या भुशाचा वास आला की मला माझं कळंबचं जुनं सुतारकीचं दुकान आठवतं. गावात नुकती वीज आली होती आणि मी पॉलिशपेपर गुंडाळलेला रूळ फिरवणारं घासायचं यंत्र घेतलं होतं. मोठं सोडून मुद्दाम लहान निवडलं, कारण त्याच्यावर विळ्याची वाकडी मूठसुद्धा घासता येई. भातकापणीच्या तोंडावर मी मुठी इतक्या गुळगुळीत करून दिल्या की माझं मलाच कौतुक वाटलं. आठवड्याने एक म्हातारी शेतकरीण बोटाला चिंधी बांधून आली. दुकानात गिऱ्हाइकं यंत्राची वाहवा करत होती, म्हणून ती बाकावर गप्प बसून राहिली. सगळे गेल्यावर तिने विळा पुढे केला. “मूठ देखनी केलीस रं, पन घामाच्या हातात ठरत नाय. बाकीच्यांचं इळं बी मागवून घे.” त्याच दुपारी मी घरोघर जाऊन विळे गोळा केले आणि मुठींवर कानशीने खाचा पाडल्या. चार माणसांत ती बोलली असती, तर मी ते यंत्र विकून टाकलं असतं. अजूनही कुठलीही मूठ घासून झाली की मी आधी हात ओला करतो आणि मग ती धरून बघतो.