शिवलेला आकाशकंदील

बेअरिंगचा नवा खोका उघडला की तेलकट कागदाचा वास येतो आणि मला चिंचवडच्या चाळीतली ती दिवाळी आठवते. वडिलांनी कंपनीतून सुटे भाग गुंडाळायचा तसलाच तपकिरी कागद आणला आणि आम्हा बहिणींना त्याचाच आकाशकंदील करायला सांगितला. कामट्यांचा सांगाडा झकास झाला, पण कागदाला तेल असल्यामुळे खळ काही केल्या चिकटेना. आई म्हणाली, "चिकटत न्हाई तर शिवायचा!" आणि गोधडीचा दोरा घेऊन तिने स्वतःच टाके घातले. समोरच्या काकू फिस्सकन हसल्या, "अगं बाई, कंदिलाला ठिगळं?" मला रडूच फुटलं. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अवचित वाऱ्या-पावसाची सर आली. चाळभरच्या कंदिलांचे लाल-निळे कागद खळीसकट सुटून लोंबायला लागले आणि आमच्या तेलकट कागदावरून मात्र पाणी नुसतं ओघळून गेलं; आतल्या दिव्याने तो मधासारखा पिवळा उजळलेला, एक टाका सुटला नाही! सगळी चाळ आमच्या दारात माना वर करून बघत होती. दुसऱ्या दिवशी त्याच काकू हातात सुई घेऊन आल्या, "कागद उरलाय का गं?" आता माझं स्वतःचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, तसल्या कागदाचा एक कपटासुद्धा मी कुणाला फेकू देत नाही.