पूर्ण भरलेला गोल

आता व्हर्लीन नाही, ऑरिनही नाही, म्हणून सांगते. एरवी मतदानाच्या टेबलावर पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, अशी आम्ही दोघींनी शपथ घेतली होती.

व्हर्लीन स्ट्राउड गावच्या शाळेत स्वयंपाकीण. निवडणूक आली की चर्चच्या तळघरात टेबलाशी बसायची, बावीस वर्षं. ती एका पक्षाची, मी दुसऱ्या पक्षाची, टेबलाचा नियमच तसा. टेबलाखाली डबा मात्र एकच, तिच्या भोपळ्याच्या गोड पावाचा.

तिचा एकुलता डॅरेल इराकच्या लढाईतून हातीपायी धड परत आला आणि दोन वर्षांनी घरामागच्या गॅरेजमध्ये त्यानं जीव दिला. चौकातल्या सैनिकांच्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव कोरलं नाही. "दगड तिकडे पडलेल्यांचा आहे," असं समितीनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण चर्चमध्ये मेलेल्या सैनिकांची नावं वाचायची वेळ आली की ती मान खाली घालायची, ती प्रार्थना संपली तरी वर करायची नाही.

त्या वर्षी मतपत्रिकेवर उमेदवारांच्या खाली सैनिकांच्या मोबदल्याचा ठराव आला, लोकांनीच 'हो' की 'नाही' ठरवायचा. लढाईवर गेलेल्या प्रत्येकाला राज्याकडून काही रक्कम आणि आभाराचं पत्र. तो हयात नसेल तर आईबापांना, मरण कुठेही आलेलं असो.

"पैशाचं मला काही नाही गं," व्हर्लीन म्हणाली. "शिक्क्याचा एक कागद हवा. त्यावर त्याचं नाव. हा आमचा होता, एवढंच."

मतदानाच्या दिवशी आम्हाला ठरावाबद्दल ब्र काढायची परवानगी नव्हती. डॅरेलचं लष्करी जाकीट ती रोज घालायची, तेही तिनं गाडीत काढून ठेवलं.

दुपारी ऑरिन टटल आला. ऐंशी उलटलेला, डोळे जवळजवळ गेलेले. डॅरेलला बॅट धरायला यानंच शिकवलं होतं.

"व्हर्लीन, तुझा पाव खाल्ला की मत कुणाला द्यायचं तेच विसरतो मी!"

"मग आधी मत, नंतर पाव. बसा गपचूप."

दिसत नसलेल्या माणसाची पत्रिका दोन पक्षांच्या दोघींनी मिळून भरायची. ती वाचणार, भरणार, मी बघणार. उमेदवार झाले, मग ठराव आला. 'मरण कुठेही आलेलं असो' या शब्दांना तिचा आवाज हलला नाही. कागद तिनं टेबलाशी दाबून धरला.

"परत वाच, पोरी."

तिनं परत वाचलं, तसंच सपाट.

ऑरिननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "माझा भाऊ कोरियाच्या लढाईत गेला, तेव्हा आईला असाच सरकारी चेक आला. तिनं तो वटवला नाही की फाडला नाही. मरेपर्यंत पिठाच्या डब्यात होता. पीठ काढताना रोज दिसायचा. दुसऱ्या कुठल्या आईच्या वाट्याला तसला कागद नको. 'नाही' भर."

व्हर्लीन एक वाक्य बोलली असती, तर म्हाताऱ्यानं मत फिरवलं असतं. पण बोलायचं नाही, हा नियम. आणि मतापुढचा गोल अर्धवट भरला तर मतं मोजणारं यंत्र तो वाचत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मी मुद्दाम कॉफीच्या भांड्याकडे वळले. पाप असेल तर माझ्या माथी, म्हटलं, आणि देवाचं नाव घेतलं. मागे पेन थांबल्याचं ऐकू आलं, मग परत चाललं.

वळून पाहिलं, तर 'नाही'चा गोल काठोकाठ भरलेला. पांढरा ठिपकासुद्धा राहिला नव्हता.

ठराव पडला. राज्यभरात, हजारो मतांनी.

"तुझ्या एका गोलानं काही झालं नसतं," मी तिला म्हटलं.

"माहितीये. पण त्यातला एक माझ्या हातचा आहे ना."

पुढच्या निवडणुकीला ऑरिन काठी टेकत आला. टेबलावरच्या नव्या बाईनं खुर्ची पुढे केली, तर म्हणाला, "नको. व्हर्लीनलाच बोलवा. तिचा हात खोटं भरत नाही."

व्हर्लीननं चष्मा लावला, पत्रिका ओढून घेतली. टेबलाखाली या खेपेला डबा नव्हता. म्हातारा हवेत नाक फिरवत होता.

"आज पाव नाही वाटतं?"

"नाही," ती म्हणाली, आणि वाचायला लागली.