गोळीचा बारावा दिवस

वामन गेला त्या दिवशी सकाळी तो मला फार चांगला दिसला होता. दाढी केलेली, डोक्याला तेल, इस्त्रीचा सदरा. पहिल्या गोळीपासूनचा तो बारावा दिवस. सव्वा महिना झाला. त्या चांगल्या दिसण्याची मला अजून भीती वाटते.

तळेगावच्या शाळेत आम्ही दोघं सोळा वर्षं मास्तर. माझी टर उडवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. असा हा वामन दिवाळीनंतर हळूहळू बोलायचा थांबला. जेवण सुटलं, झोप उडाली, अंथरुणातून उठणं होईना. कुणी बाहेरचं म्हणालं, कुणी लिंबू उतरवलं. शेवटी कमलवहिनी, म्हणजे त्याची बायको, आणि मी त्याला एसटीत घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते, पण निवांत बोलले. गोळीचं नाव इमिप्रामिन. मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं असतात, ती अधिक वेळ टिकवायचं काम ही करते. पण गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्या दिवसापासून : तोंडाला कोरड, शौचाला अडचण, उठताना चक्कर. गोळ्या वामनच्या हाती लागू द्यायच्या नव्हत्या. जास्त झाल्या तर हृदयाला धोका. मग त्याला बाहेर बसवून ते आम्हा दोघांना म्हणाले, "आधी हातपाय उठतील, मन मागून उठेल. मधले दिवस वाईट. तेव्हा त्यांना एकटं सोडू नका."

मी मान डोलावली. मास्तर माणूस, ऐकलं म्हणजे समजलं, असं मला नेहमीच वाटत आलंय.

"तोंडात कापूस कोंबल्यावानी वाटते," एवढंच वामन आठवडाभर बोलला. दहाव्या दिवशी मात्र आपणहून उठला, पाणी तापवलं आणि न्हाला. आमच्याकडे आजारी माणूस न्हाला की आजार गेला असं धरतात. तापाचा असो, देवीचा असो. घरात गोडधोड होतं, बसायला आलेले सोयरे पिशव्या उचलतात. न्हालेल्या माणसापाशी बसून राहणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं... "भाऊ न्हाला, खीर खाल्ली. मी जातो आता," म्हणून सोबतीला आलेली त्याची थोरली बहीण हिंगणघाटला परत गेली.

पुढच्या दिवशी वामननं तुंबलेल्या सगळ्या वह्या तपासून संपवल्या. कौलं सारखी केली. गाव खूश. मला कुठंतरी खटकत होतं. हात झरझर चालत होते, पण माझ्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत ओळखच नव्हती.

बाराव्या दिवशी सकाळी मी ओसरीवर जाऊन बसलो. तो म्हणाला, "तू काऊन बसून राह्यला इथं? शाळेत जाय. मी न्हालो ना आता?"

दारातून वहिनी म्हणाल्या, "जा भाऊजी. लोक काय म्हनतीन? चांगल्या मानसाले राखून राह्यले म्हनतीन."

मलाही लाज वाटली. मी उठलो. थोड्या वेळानं वहिनी दळण घेऊन गिरणीवर गेल्या. मधल्या सुटीच्या आत शाळेत निरोप आला. वामननं जीव दिला होता. कसा, ते मी लिहिणार नाही. गोळीला मी बोल लावत नाही. ती सांगितल्याप्रमाणेच चालली होती. हातपायांत बळ आलं होतं, मन यायचं होतं. सांगितल्याप्रमाणे वागलो नाही तो मी.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांना हे सांगायला गेलो. बाहेर बाकावर एक म्हातारी आणि तिचा तिशीतला मुलगा. त्याचे केस ओले, नीट विंचरलेले. मी विचारलं नव्हतं तरी म्हातारी हसून म्हणाली, "न्हाला आज. बरा झाला. जावई येऊन राह्यला होता सोबतीले, त्याले आता गावी लावून देतो."

"गोळी सुरू करून किती दिवस झाले, आई?"

"नऊ झाले असतीन."

तिला बाजूला नेऊन मी वामनचं सगळं सांगितलं, माझ्या उठून जाण्यासकट. ती परत बाकावर जाऊन बसली आणि मुलाच्या सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"काऊन धरलं वं माय?" तो म्हणाला.

"असंच," ती म्हणाली. आतून त्यांचं नाव पुकारलं, दोघं उठून गेले, पण तिनं मूठ काही सोडली नाही.