सहा महिन्यांचा वायदा

नाथाजी सांगली-आटपाडी मोटार चालवायचा, आणि त्या रस्त्यावर मोटार थांबेल तिथं त्याची वाट बघणारी कुणी ना कुणी असायचीच. गडी दिसायला उमदा, जिभेवर साखर. बायको साळूबाईनं पाच वर्षं सगळं मुकाट गिळलं. मग एक दिवस ट्रंक उचलून ती कवठे महांकाळला माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "सहा म्हैने नीट वागून दावा. मग न्यायला या."

आणि काय सांगावं, नाथाजी खरंच सुधारला की! घर खायला उठलं तेव्हा त्याला कळलं, आपल्याला साळूशिवाय करमत नाही. मुक्कामाला तो मोटारीतच निजायला लागला. चहासुद्धा सोडला, कारण चहा म्हटला की बनुबाईचं हॉटेल आलं, आणि बनुबाई आली की संपलंच.

साडेपाच महिने निभावले. पण जर्मनीच्या लढाईपायी पेट्रोल मिळेना, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, आणि मोटारीच्या मागं बसवलेल्या त्या गॅसच्या भट्टीचा काय भरवसा? एका शनिवारी भर दुपारी ती धूर ओकून बंद पडली. कुठं पडावी? नेमकी बनुबाईच्या दारात! सगळे उतारू खदाखदा हसले. "गड्या नाथाजी, मोटारीलाबी तुझी सवय लागली रं!"

तीन तास बिचारा मोटारीखाली उताणा पडून होता. बनुबाईनं पाण्याची बादली आणून दिली, तीही त्यानं मान वर न करता घेतली. शेवटी बनुबाईलाच त्याची कीव आली.

पंधरा दिवसांनी नवं लुगडं घेऊन तो सासुरवाडीला पोचला. मेव्हणा हंबीरराव दारातच उभा होता.

"या दाजी. बनुबाईच्या दारात तीन तास मोटार हुती म्हणं?"

नाथाजी तडक आत साळूबाईसमोर जाऊन उभा राहिला.

"साळू, म्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं न्हाई. मोटारीतल्या कुणालाबी इचार."

"इचारलं. हसत्यात नुसती."

मग त्यानं देव्हाऱ्यातल्या वाटीतला खंडोबाचा भंडारा मुठीत धरला. "ह्यो भंडारा उचलून सांगतो, म्या तिच्याकडं मान वर करूनसुदिक बघितलं न्हाई!" त्याच्या डोळ्यांना धार लागली. इतकं खरं तो जन्मात बोलला नव्हता.

साळूबाई भांडली असती तरी बरं झालं असतं. तिनं त्याची मूठ हलकेच उघडली आणि भंडारा परत वाटीत ओतला.

"जत्रंच्या टायमाला असाच उचलला हुता तुमी. दिवाळीतबी उचलला. म्या मानलं. आता हातपाय धुवा, जेवून जावा."

"अगं पण आता खरं हाय गं!"

"आसंल बी. पर मला कसं कळावं? आवं, तवाबी तुमी असंच रडला हुता."