मधले अण्णा

जमीन बघायला म्हणून गावात गेले की मधले अण्णा आधी पिठाची गिरणी गाठायचे. गिरणीच्या कट्ट्यावर अर्धा-पाऊण तास बसायचे, धोतरावर पीठ उडवून घ्यायचे आणि मग शेताकडे वळायचे. "कुणाच्या घरचं दळण कमी झालंय, एवढंच इचारायचं. म्होरचं गाव आपणहून सांगतंय," असं त्यांचं म्हणणं. दळण कमी झालं म्हणजे मुलगा पुण्याला गेला, नाहीतर भाऊ वेगळे झाले, नाहीतर म्हातारा गेला. आणि अशाच घरात शेत विकायची कुजबुज सुरू होते. मच्छे, बेळगुंदीपासून थेट निपाणीपर्यंत त्यांनी जे व्यवहार शोधले, त्यातले निम्मे तरी त्यांना गिरणीत सापडले असतील.

मी बेळगावात रजिस्ट्रार ऑफिससमोर एका दस्तलेखकाकडे टायपिंग करते. अण्णांचे कागद मी बारा वर्षं टाइप केले. त्यांना मधले हे नाव कुणी चिडवून ठेवलं नव्हतं, त्यांनीच ते स्वतःला लावून घेतलं होतं. बाकीचे एजंट शेतकऱ्यापुढे आपणच खरेदीदार असल्याचा आव आणतात. अण्णांच्या तोंडात मात्र तीळ भिजत नसे. सोप्यावर बसून पहिल्या चहालाच सांगून टाकायचे, "मी घेणारा न्हवं बरं का. मी मधला. तुमच्याकडनं कागद करून घेणार, दुसऱ्याला देणार, मधलं माझं. पटत असंल तर बोला."

त्यांची पद्धत साधी होती. शेतकऱ्याला थोडा संचकार, म्हणजे इसार द्यायचा, सहा महिन्यांची मुदत घ्यायची आणि करारात एक ओळ घालायची: खरेदी माझ्या किंवा मी सांगेन त्याच्या नावे करून द्यावी. त्या सहा महिन्यांत प्लॉट पाडणारी एखादी पार्टी शोधायची. खरेदी शेतकऱ्याकडून सरळ पार्टीच्या नावावर व्हायची आणि करार सोडला म्हणून अण्णांना त्यांचा वाटा मिळायचा. एवढ्या जमिनी त्यांच्या हातून गेल्या, पण एक गुंठाही एका दिवसासाठी त्यांच्या नावावर आला नाही. गावाकडे वडिलांची एकरभर जमीन आणि एक विहीर होती, तेवढीच त्यांची.

पार्टीला शेत दाखवायची रीतही उलटी. आधी खोड दाखवायची. एकदा एका चकचकीत गाडीतून आलेल्या साहेबांना त्यांनी चिखलात पार पलीकडच्या बांधापर्यंत चालवलं आणि म्हणाले, "हितं आषाढात गुडघाभर पाणी थांबतंय. आता रस्ता, गटार, भराव किती लागंल ते धरा, आणि मग दर बोला." साहेबांनी बुटांकडे बघून नाक मुरडलं. मी तर व्यवहार गेलाच असं धरून चालले होते. पण आठवड्याने तेच साहेब कागद करायला आले.

या सगळ्यापेक्षा अण्णांचा एक प्रश्न मला जास्त आठवतो. उतारा हातात पडला की त्यावरची नावं वाचायच्या आधी ते विचारत, "बहिणी किती? कुठं दिल्यात?" भाऊ म्हणायचे, "त्यांचं काय, त्या आमच्या शब्दाबाहेर न्हाईत." मग अण्णा त्या बहिणीच्या गावाला जाणारी एसटी विचारायचे.

असंच एकदा निपाणीजवळच्या एका खेड्यात साक्षीदार म्हणून मीही गेले होते. बाई अंगणात तंबाखूची पानं निवडत बसली होती. हक्कसोडपत्र कन्नडमध्ये होतं. बोलायला कन्नड सगळ्यांना येतं, पण मराठी शाळेत शिकलेल्यांना सरकारी कन्नड वाचायचं म्हटलं की दातखीळ बसते. अण्णांनी पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत सगळं मराठीत वाचून दाखवलं. मग म्हणाले, "आता सांग आक्का, सही केल्यावर तुझं काय जातंय?"

बाईने हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाली, "दरसाल म्हायेराहून एक पोतं भात येतंय. शेत इकल्यावर ते कोण देणार?"

तिला पैशातला वाटा मिळतो हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी तो कागदात घालायला लावला. परतताना एसटीत मी त्यांचं कौतुक करायला गेले, तर एकदम उखडले. "धर्म करत न्हाय मी. एकदा एका बहिणीला न इचारता कागद केलता, तर तिनं केस घातली. अकरा वर्सं जमीन अडकली. धंदा हाय ह्यो, सुमन, धंदा." मीही मग तो धंदाच समजले.

माझे वडील गेले तेव्हा बेळगुंदीचं आमचं शेत विकायचं ठरलं. दोघेही भाऊ माझ्याहून धाकटे, एक पुण्यात, एक मच्छेच्या कारखान्यात. अण्णांचं नाव मीच सुचवलं. निपाणीच्या एका व्यापाऱ्याची पार्टीही ठरली, त्यांना रस्त्यालगतचा सगळा तुकडा हवा होता. त्या दिवसांत बेळगावातल्या खासबागेत आमची परवड चालली होती. नवऱ्याचा माग बंद पडला होता आणि घरमालकाने खोली सोडायला सांगितलं होतं. तरीही माझं हक्कसोडपत्र मीच टाइप केलं, जसं इतर शंभर बायकांचं केलं होतं. बहिणीने सही करायची, साडी घ्यायची आणि माहेर उघडं ठेवायचं, हेच मी बघत आले होते. हिस्सा मागितला तर माहेर बंद होईल, ही भीती मी कुणाला बोलूनही दाखवली नव्हती.

"आक्का, नुसती सही हाय," धाकटा म्हणाला. मी पेन उचललं.

"थांब," अण्णा म्हणाले. मग भावांकडे वळले, "तुमी दोगं समोर च्या पिऊन या. सावकाश प्या." ते गेल्यावर खुर्ची ओढून त्यांनी कागद वाचायला घेतला.

"अण्णा, मीच टाइप केलंय की ते!"

"टाइप केलंस. वाचलंस का?"

माझाच कागद त्यांनी मला परक्या बाईसारखा मराठीत वाचून दाखवला. माझं नाव, वडिलांचं नाव, चतुःसीमा, आणि मग 'माझा कसलाही हक्क राहिलेला नाही' ही ओळ. ती ओळ माझ्या बोटांनी डोळे मिटून टाइप केली असती. कानांनी ऐकली तेव्हा मला रडू फुटलं. "सही कर, न्हायतर करू नको. मला सांगू नको. पण तुझं काय जातंय ते तोंडानं बोल," ते म्हणाले. मी म्हटलं, रस्त्याकडचे चार गुंठे. दोन खोल्यांपुरते.

पार्टीने ते ऐकलं आणि व्यवहार सोडला. अण्णांची मुदत संपली, सहा महिन्यांची वणवण पाण्यात गेली. उरलेलं शेत भावांनी वर्षभराने दुसऱ्या एजंटकडून विकलं आणि दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. ती दोन वर्षं वाईट गेली, खोटं कशाला सांगू. पण खोल्या झाल्या, आणि धाकटाच आधी वास्तुशांतीला आला.

पुढे एकदा मी अण्णांना टोमणा मारला, "हा कसला हो तुमचा धंदा? मी का केस घालणार होते?"

"न्हाय," ते म्हणाले. "तू घातली नसतीस. म्हणून तर."

एवढं बोलून ते चहाचे पैसे द्यायला उठले. धर्माबिर्माची भाषा त्यांनी तेव्हाही केली नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दोन महिन्यांनी त्यांची दोन मुलं आणि मुलगी आशा आमच्या ऑफिसात आली. "काकू, गावाकडच्या जमिनीचं हक्कसोड करायचंय. आक्का सहीला आलीया," थोरला म्हणाला. मी टाइप केलं, प्रिंट काढली. आशाने पेन उचललं आणि माझ्याकडे बघत नुसतीच बसली.

"तुम्ही दोघं समोर चहा पिऊन या," मी म्हटलं. "सावकाश प्या."

दोघांनी चमकून एकमेकांकडे बघितलं. वाक्य कुणाचं ते त्यांना कळलं असावं. निमूट उठून गेले. मी खुर्ची ओढली आणि वाचायला सुरुवात केली, तर आशाने कागदावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे काकू. बाबांनी दवाखान्यात असताना वाचून दाखवलंय. कागद नव्हता, तोंडानंच. मग इचारलं, तुझं काय जातंय. मी म्हटलं, दोन गुंठे ठेवावं वाटतंय, पण भावांसमोर माझं तोंड उघडायचं न्हाय." तिने पेन खाली ठेवलं. "तर म्हणाले, काय बोलू नको. सुमनकडं कागद करायला लाव. ती पोरास्नी च्याला पाठवंल."

मला पुढचं काही दिसेना. डोळे पुसले, तो कागद फाडला आणि नवा करायला घेतला.

"चतुःसीमा सांग," मी म्हटलं. "दोन गुंठ्यांच्या पूर्वेला काय?"

"इहीर," आशा म्हणाली. "बाबांची."