सोनलच्या नावाची मूठ

दोंडाईच्याच्या स्टेशनावर सुरत पॅसेंजर लागली तेव्हा आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते पिशवीची गाठ तपासत होते. तीन वेळा तपासली. मी एकोणीस वर्षांचा होतो, सोबत सुरतेजवळच्या उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारा मावसभाऊ होता, आणि पोटात भीतीपेक्षा घाईच जास्त होती. गाडी हलली तसे आबा दोन पावलं सोबत चालले आणि एवढंच बोलले, "जाय. पन कानबाईले येजो."

कानबाईला ये. म्हणजे श्रावणात. ते मी सहज कबूल केलं. त्या वयात कबूल करायला काय लागतं!

गावाकडचे हे वाचतील त्यांना सांगायची गरज नाही, पण सुरतेत वाढलेल्या आपल्या पोरांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजतात, तो मापाने नाही, मुठीने. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू परातीत टाकायचा. पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते आणि परगावी गेलेल्याचीही. त्या गव्हाचे रोट घरच्यांनीच खायचे, खाऊन संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. आबा याबाबतीत फार कडक. "रोट घरना उंबरा वलांडत नही," असं ते म्हणायचे.

सुरतेत मी बारा तासांच्या पाळीत लूम चालवायला शिकलो. एका खोलीत आम्ही नऊ जण राहायचो आणि दिवसपाळीवाला उठला की त्याच्या गरम गादीवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. कारखान्यात आवाज इतका की बोलून काही उपयोग नाही, सगळं हातांनी चालायचं. धागा तुटला, पाणी पी, शेठ आला, सगळ्याला खूण ठरलेली. पहिल्या श्रावणात मी मुकादमापुढे दोन बोटं नाचवून दोन दिवसांची रजा मागितली, त्याने एकच बोट हलवून नाही म्हटलं. बोलणी संपली.

कानबाईच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी एसटीडीच्या काचेच्या खोक्यातून गावातल्या दुकानात फोन लावला. आईला बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होता. आई धापा टाकत आली आणि म्हणाली, "तुन्ही मूठ लिधी बरं का. तुन्हा वाटाना घास तुन्हा बापनी खादा." मला राग आला. खोटं कशाला बोलू? माझ्या वाटचा घास आबांनी खाल्ला, यात माझं पोट कसं भरणार? तशी सहा वर्षं गेली. दर श्रावणात माझी मूठ पडायची, मी मशीनवर उभा असायचो, आणि घास आबा खायचे. या वर्षी येतो असं म्हणायचंही मी पुढे सोडून दिलं.

मग लग्न झालं. सुरतेतच पर्वत पाटियाच्या पलीकडे एक खोली घेतली, पुढे दोन झाल्या. बायको सुनंदा साड्यांना लेस लावायचं काम घरी आणायची. सोनल झाली, चार वर्षांनी मयूर. आबा गेले तेव्हा मी पोहोचलो, पण उशिराच. धाकटा भाऊ धनराज गावीच राहिला आणि दोन वर्षांनी आई माझ्याकडे आली. एकटी नाही आली. मांडीवर कानबाई म्हणून पुजायचा पिढीजात नारळ, लाल फडक्यात गुंडाळलेला. दोंडाईच्यापासून उधन्यापर्यंत तो तिने क्षणभर खाली ठेवला नाही. मी चेष्टेने विचारलं, "माय, तिकीट दोघींचं काढलं का?" ती म्हणाली, "तिन्ह कशाले? ती तुले भेटाले येई राहिनी, तू तर काही येत नही."

तेव्हापासून आमची कानबाई सुरतेत बसते. धनराज आपल्या दोन मुलांना घेऊन येतो. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या काकांना आता न सांगता कळतं, ते त्या दिवशी गिरणी धुऊन पुसून आधी आमचा गहू दळून देतात.

आणि सोनल. ती गुजराती शाळेत शिकली. मैत्रिणींशी गुजराती, भावाशी हिंदी, आजीशी अहिराणी, आणि माझ्याशी मोठ्याने. लूमने माझे कान अर्धे नेले, त्याची तिला लहानपणापासून सवय. मी आयुष्यभर पांढरं कोरं कापड विणलं, धंद्यात त्याला ग्रे म्हणतात. ती सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका मिलमध्ये कॉम्प्युटरवर त्याच कापडाच्या प्रिंट काढायला लागली. एकदा तिने पडद्यावर एक फूल दाखवलं, बोट फिरवलं आणि त्या फुलाची शंभर फुलं झाली. मी म्हटलं, छान आहे. मनात म्हटलं, हे काम आहे की खेळ? बारा तास उभं राहिल्याशिवाय काम झालं असं मला अजूनही वाटत नाही. माझे पाय दुखायचे, तिचे डोळे आणि मान दुखते, आणि दुखतं असं तिने सांगितलं की मी हसायचो. चुकलं ते माझं.

गेल्या वर्षी तिला बंगळूरची नोकरी लागली. मी विचारलं, इथे काय कमी आहे? ती म्हणाली, "पप्पा, काही कमी आहे म्हणून नाही जात." मला ते कळेना. मी गाव सोडलं ते हाताला काम नव्हतं म्हणून. काम असताना, घर असताना, माणूस जातो कशाला? आबांनाही मला हे विचारता आलं असतं, पण त्यांनी पिशवीची गाठ तपासली. मी मात्र पंधरा दिवस तोंड फुगवून बसलो.

तिचं जाणं कानबाईच्या दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी मी परात घेऊन बसलो. माझं नाव, धनराजचं, त्याच्या दोन मुलांची, मयूरचं. पाच नावं, पाच सव्वा मुठी. सोनल दाराला टेकून बघत होती. म्हणाली, "पप्पा, तुम्ही सुरतला आले तेव्हा आबाने तुमची मूठ घेतली ना? तुम्ही नव्हते तरी? हवे हुं जाउं छुं. तो मारी?"

आता मी जाते आहे, मग माझी? प्रश्न सरळ होता. माझा आवाज चढला. "पोरीस्नी मूठ लेत नहीत. पहिल्यापासून नही."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती "ठीक छे" म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली. मी आईकडे पाहिलं. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. ती वाती वळत राहिली. सुनंदाने माझ्यासमोरचा चहाचा अर्धा कप उचलून नेला. तो प्यायचा राहिला होता.

परात फडक्याने झाकून ठेवली. पहाटे मला जाग आली तेव्हा डोळ्यासमोर तेच दार आणि तीच टेकलेली पोर. उठलो, डब्यातून सव्वा मूठ गहू घेतला आणि फडकं उचलून हळूच परातीत टाकला. नाव मात्र घेतलं नाही. ओठ हलले, आवाज काढायची हिंमत झाली नाही. मग मन हलकं झालं आणि गहू घेऊन गिरणीत गेलो.

दुपारी आई आणि सुनंदा रोट करायला बसल्या. दरवर्षीचा अंदाज ठरलेला असतो. रोट झाले, ताट भरलं, दुसरं भरायला लागलं, तरी कणीक संपेना. आईने हात थांबवला. "पाच जनसना गहूमा इतला रोट कशा व्हयनात?" मग तीच पुढे म्हणाली, "एक मूठ मी टाकेल व्हती. बाकीन्या कोनी टाक्यात?"

सुनंदाने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "एक मी. संध्याकाळीच, दिवा लावताना." मग सगळे माझ्याकडे वळले. पन्नाशीच्या माणसाला चोरी पकडली गेल्यावर काय वाटतं ते तेव्हा कळलं. मयूर लोळून हसत होता. सोनल आधी खूप हसली, मग म्हणाली, "म्हणजे तिघांनी घेतली, पण नाव कोणीच घेतलं नाही. मी काय चोरीचा माल आहे?"

हसतच म्हणाली. पण ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

रोट संपवायचे हा नियम. रविवारी गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीशी खाल्ले, खिरीशी खाल्ले. सोमवारी निघायच्या आधी तिने चहात बुडवून उरलेला शेवटचा रोट संपवला. विमानतळावर मी तिच्या बॅगेची चेन तपासली. दोन वेळा. तिसऱ्यांदा हात गेला तेव्हा मला आबांची पिशवी आठवली आणि मी तिच्याकडे पाहिलं. आबांना जे जमलं नाही ते मी केलं, तिचं डोकं छातीशी धरून रडलो. म्हटलं, "कानबाईला ये."

या वर्षी ती आली नाही. वर्षच झालेली नोकरी, रजा नाही. माझ्या मुकादमाचं एक बोट मला आठवलं.

शनिवारी धनराज आणि त्याची मुलं बसली होती. मी पाच नावं घेतली, पाच मुठी टाकल्या आणि सहावी उचलली. धनराज म्हणाला, "दादा, झाल्या पाच." मी मोठ्याने, लूममध्ये बोलतात तितक्या मोठ्याने, नाव घेतलं, "सोनल." परातीत गहू पडला. धनराजने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. आई मात्र म्हणाली, "हाऊ आवाज तुन्हा आबाना शे."

रविवारी जेवायला बसलो तेव्हा सोनलचा व्हिडिओ कॉल आला. मला नीट ऐकू येत नाही म्हणून ती फोन करताना चेहरा दाखवते. मागे ऑफिसच्या कॅन्टीनसारखं काहीतरी दिसत होतं, रविवारीही कामावर. तिने विचारलं, "पप्पा, मूठ घेतली?" म्हटलं, घेतली. नाव घेऊन घेतली. सगळ्यांनी ऐकलं. तिने फोन चेहऱ्याजवळ आणला. मग म्हणाली, "आणि माझा घास कोण खाणार?"

मी तिच्या वाटचा रोट ताटातून उचलला, मोडला आणि तिच्या समोर तोंडात घातला. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या वाटचं आबा आनंदाने खात होते. घर कुठलं, दोंडाईचा की सुरत, असं मला कोणी विचारलं की मी दोन्ही सांगायचो आणि दोन्ही अर्धं खरं वाटायचं. आता सोनलला कोणी विचारलं तर तिने सांगावं, जिथे माझ्या नावाचा घास कोणीतरी खातं ते.

तो घास गिळायला मला वेळ लागला. आबांनाही लागला असेल.